चेन किती ढिली, किती घट्ट? नव्या दुचाकीस्वारांसाठी घरच्या घरी चेन ॲडजस्ट करण्याची माहिती

खेड्यात दुचाकी नुसती फिरायला नसते. सकाळी डेअरीला दूध घालायचे, नंतर शेतात डबा न्यायचा, येताना मागे गवताचा भारा, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दोन माणसं वर चार पिशव्या. रस्ता कधी डांबरी, कधी मुरमाचा, तर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. या सगळ्यात इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेते ती एकच वस्तू, चेन. आणि गाडीत सर्वात जास्त दुर्लक्ष होते तेही तिच्याकडेच.

नुकतंच लायसन्स मिळालेली मुलं-मुली गाडी चालवायला लवकर शिकतात. पण चेनचा कट-कट आवाज यायला लागला की एक तर तसंच चालवत राहतात, नाहीतर पाना घेऊन चेन तारेसारखी ताणून टाकतात. दोन्ही चूक. त्यातही जास्त ताणलेली चेन जास्त फसवी असते, कारण ती आवाज करत नाही. गाडी गपगुमान चालते आणि आतून बेअरिंग खात राहते. चेनला ठरलेली ढील ठेवावी लागते. ती किती असावी, कुठे मोजावी आणि घरच्या घरी कशी ठेवावी, याची ही माहिती.

चेनला ढील का लागते?

गाडीचं मागचं चाक ज्या दोन लोखंडी दांड्यांत बसलेलं असतं, त्याला स्विंगआर्म म्हणतात. गाडी खड्ड्यात गेली किंवा मागे ओझं आलं की शॉकअप दबतात आणि हा स्विंगआर्म वर-खाली होतो. इंजिनाजवळचं छोटं दातेरी चक्र, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागच्या चाकाचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की दोन्ही चक्रांमधलं अंतर सर्वात जास्त होतं. म्हणजे त्या क्षणी चेन सर्वात जास्त ताणली जाते.

आता ४० लिटरच्या दुधाच्या दोन कॅन मागे लावल्या तर ८० किलोच्या वर ओझं झालं, चालवणारा वेगळाच. गाडी स्टँडवर रिकामी असताना जी चेन ‘बरोबर टाईट’ वाटत होती, ती आता जास्तच ताणते. वर एखादा खड्डा आला की सगळा झटका चेनवर, पुढच्या चक्राच्या शाफ्टवर, गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर येतो. पुढच्या चक्रामागचं ऑइल सील गळायला लागण्याचंही हे एक कारण असतं. म्हणून ढील हा दोष नाही. चाकाला वर-खाली व्हायला जागा मिळावी म्हणून कंपनीने ती ठेवलेली असते.

पण ढील प्रमाणाबाहेर गेली तर चेन कव्हरवर आपटते, रेस दिली-सोडली की झटके बसतात आणि एखाद्या वेळी चेन चक्रावरून उतरते. चालत्या गाडीत उतरलेली चेन मध्येच अडकली तर मागचं चाक जागेवर जाम होऊन गाडी घसरू शकते. पुढच्या चक्राजवळ गुंडाळली तर इंजिनाचं कव्हर फुटू शकतं. सगळ्यात मोठा धोका हाच.

लक्षणं कशी ओळखायची?

चेन ढिली असेल तर:
- गिअर टाकताना किंवा रेस देताना गाडी धक्का मारते.
- खड्ड्यातून जाताना चेन कव्हरमधून खड-खड आवाज येतो.
- चेन मधोमध लोंबलेली दिसते.

चेन जास्त घट्ट असेल तर:
- न्यूट्रलमध्ये गाडी ढकलायला जड जाते.
- मागचं चाक हाताने फिरवलं तर लगेच थांबतं किंवा अडखळत फिरतं. (ब्रेक घासत असला तरी असंच होतं, म्हणून ब्रेकही बघावा.)
- वेगात असताना बारीक घूं-घूं आवाज येतो.
- ॲव्हरेज कमी झाल्यासारखं वाटतं.

काम सुरू करण्याआधी एक नियम

इंजिन बंद, चावी खिशात. हा नियम मोडून चालत नाही. गाडी मेन स्टँडवर लावायची, इंजिन चालू करायचं, गिअर टाकायचा आणि फिरत्या चेनला फडकं धरून पुसायचं किंवा ऑइल सोडायचं, ही पद्धत अनेक ठिकाणी दिसते. फडकं चेनमध्ये ओढलं गेलं की त्याच्यासोबत बोटही चेन आणि चक्राच्या मध्ये जातं. तिथून बोट शाबूत बाहेर येत नाही. चाक नेहमी हातानेच, हळू फिरवावं. हाताने फिरवतानाही दुसरा हात चेनच्या लांब ठेवावा. लहान मुलांना त्या वेळी जवळ बसू देऊ नये. मुलांना चाक फिरवायला आवडतं आणि आपलं बोट नेमकं तेव्हाच आत असतं.

गाडी नुकतीच चालवून आणलेली असेल तर सायलेन्सर थंड होऊ द्यावा.

काय सामान लागतं?

- गाडीसोबत मिळालेलं टूलकिट आणि मापाचे रिंग पाने. ॲडजस्टरचा नट बऱ्याच गाड्यांना १० नंबरचा असतो. एक्सलच्या नटाचं माप गाडीप्रमाणे बदलतं, ते आधी बघून घ्यावं.
- शाळेची साधी फूटपट्टी.
- जुना दाताचा ब्रश, फडकं, थोडं रॉकेल किंवा डिझेल.
- ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा बाजारात मिळणारा चेनचा स्प्रे.

स्क्रू पाना किंवा पकड वापरून एक्सलचा नट खोलू नये. नटाच्या कडा गोल झाल्या की पुढचं काम वेल्डिंगवाल्याकडेच होतं.

पहिलं काम, चेन साफ करणं

चिखल बसलेल्या चेनचं माप घेऊन उपयोग नाही. माती साचून काही कड्या आखडलेल्या असतात आणि माप चुकतं. ब्रशने माती काढावी, रॉकेल किंवा डिझेल लावून घासावं आणि कोरड्या फडक्याने पुसावं. पेट्रोल वापरू नये. एक तर ते पेट घेतं, आणि ज्या चेनच्या कड्यांमध्ये रबरी रिंगा असतात त्या रिंगा त्याने खराब होतात. लोखंडी तारांचा ब्रशही अशा चेनला चालत नाही.

चेनवर पूर्ण बंद कव्हर असलेल्या गाड्यांत कव्हरला खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं. ते काढलं की आतली चेन बोटाने हलवून ढील बघता येते. मात्र साफसफाई नीट करायची असेल तर कव्हर खोलावंच लागतं.

माप कसं घ्यायचं?

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावावी, न्यूट्रल करावी. मेन स्टँड नसलेली गाडी साईड स्टँडवर ठेवून मोजता येते. अशा वेळी चेनची जागा बदलण्यासाठी गाडी थोडी-थोडी पुढे ढकलावी. कोणत्या स्टँडवर मोजायचं हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, त्याप्रमाणेच करावं.

आता दोन्ही चक्रांच्या बरोबर मधोमध, चेनच्या खालच्या बाजूला फूटपट्टी उभी धरावी. बोटाने चेन खाली दाबून एक आकडा बघावा, मग वर ढकलून दुसरा आकडा बघावा. दोन्हींमधला फरक म्हणजे ढील. आपल्याकडे जास्त चालणाऱ्या १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांसाठी ही ढील साधारण २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे दोन ते तीन सेंटिमीटर असते. पण नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात किंवा चेनजवळच्या स्टिकरवर बघावा, कारण मॉडेलप्रमाणे तो बदलतो.

इथे एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी ३० मिलिमीटर ढील दिसते आणि चाक अर्धा फेरा फिरवलं की तीच १५ होते. म्हणून चाक थोडं-थोडं फिरवून चार-पाच जागी माप घ्यावं. जिथे चेन सर्वात घट्ट असेल, तिथे खडूने खूण करावी आणि ॲडजस्ट करताना तेच माप धरावं. ढिल्या जागेचं माप धरून ताणलं तर घट्ट जागा आणखीन ताणते.

ॲडजस्ट करण्याची पद्धत

१. एक्सलचा नट ढिला करावा, पूर्ण काढू नये. दुसऱ्या बाजूचा बोल्ट फिरत असेल तर तिकडे दुसरा पाना लावून धरावा. नटाला पिन असेल तर ती आधी सरळ करून काढावी.

२. बऱ्याच गाड्यांत चेनच्या बाजूला एक्सलवर आणखी एक मोठा नट असतो, त्याला स्लीव्ह नट म्हणतात. तो ढिला केल्याशिवाय चाक सरकत नाही. हा नट विसरून नुसता ॲडजस्टर आवळत राहिलं तर ॲडजस्टरचे आटे जातात. घरी होणाऱ्या कामात ही चूक नेहमी दिसते.

३. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरवर लॉकनट असेल तर तो मोकळा करावा.

४. आता ॲडजस्टरचा नट फिरवावा. बहुतेक गाड्यांत तो आवळला की चाक मागे सरकतं आणि चेन घट्ट होते. एका वेळी नटाच्या एका कडेएवढंच फिरवावं. डाव्या बाजूला जेवढं फिरवलं तेवढंच उजव्या बाजूला. काही गाड्यांत नटाऐवजी गोल चकती असते, तिथेही दोन्हीकडे सारखेच दाते मोजावेत.

५. स्विंगआर्मवर दोन्ही बाजूंना रेघा मारलेल्या असतात. डावीकडे खूण तिसऱ्या रेघेवर असेल तर उजवीकडेही तिसऱ्याच रेघेवर हवी. एका बाजूला कमी-जास्त झालं की चाक तिरपं बसतं, चेन आणि टायर एका बाजूने झिजतात आणि गाडी एका अंगाला ओढते. खात्री करायची असेल तर गाडीच्या मागे खाली बसून, पेरणीची ओळ बघतो तसं चेनकडे एका डोळ्याने बघावं. चेन चक्रावर सरळ जाताना दिसली पाहिजे.

६. चेन आधीच जास्त घट्ट असेल तर दोन्ही ॲडजस्टर सारखे मागे सोडावेत आणि चाक मागून पायाने किंवा लाकडाच्या ठोकळ्याने पुढे सरकवावं. लोखंडी हातोडी मारू नये.

७. खुणेच्या जागी माप बरोबर आलं की स्लीव्ह नट आणि एक्सलचा नट आवळावेत, त्यानंतर ॲडजस्टरचे लॉकनट. पिन असेल तर नवीन घालावी.

८. एक्सल आवळताना चाक किंचित सरकतं आणि चेन बदलते. म्हणून सगळं आवळून झाल्यावर पुन्हा एकदा माप घ्यावं.

९. आता खरी परीक्षा. गाडी स्टँडवरून खाली घेऊन नेहमीएवढं ओझं किंवा मागे एक माणूस बसवावा आणि दुसऱ्याने चेन बोटाने हलवून बघावी. बसल्यावरही चेनमध्ये थोडी ढील राहिलीच पाहिजे. तारेसारखी कडक झाली असेल तर ती जास्त ताणली गेली आहे. थोडी सोडावी.

ब्रेक विसरू नका

मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड ओढला जातो. त्यामुळे ब्रेक आपोआप घट्ट होतो आणि चालताना घासत राहतो. ड्रम तापतो, पेट्रोल जास्त जातं. उलट चेन सोडून चाक पुढे घेतलं असेल तर ब्रेकचा पायंडल जास्त खाली जातो आणि ब्रेक उशिरा लागतो.

म्हणून चेनचं काम झालं की ब्रेक रॉडच्या टोकाचा नट फिरवून ब्रेकही लावून घ्यावा. पायंडल थोडा दाबेपर्यंत मोकळा असावा आणि मग ब्रेक धरावा. चाक हाताने फिरवून मोकळं फिरतं का ते बघावं, ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का तेही बघावं. त्यानंतर गल्लीतच हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक मारून पाहावा, मगच मोठ्या रस्त्याला लागावं. साधारण २०-३० किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत.

ऑइल कोणतं आणि कधी?

ट्रॅक्टरच्या गिअरसाठी घरात ९० नंबरचं ऑइल असतं, ते चेनला चालतं. गाडीतून काढलेलं काळं जळकं ऑइल लावू नये. त्यात बारीक कचरा असतो आणि तो चेन खातो. वरून ग्रीस थापणंही बरोबर नाही. ग्रीसला धूळ आणि मुरमाची कच चिकटते आणि चेनला सँडपेपर लावल्यासारखी घासते.

ऑइल चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे जी बाजू चक्राच्या दात्यांवर बसते तिथे, चाक हाताने फिरवत थेंब-थेंब सोडावं. दहा-पंधरा मिनिटांनी जास्तीचं ऑइल फडक्याने पुसावं. टायरवर किंवा ब्रेक ड्रमकडे ऑइल जाऊ देऊ नये. ही साफसफाई आणि ऑइल साधारण दर ५०० किलोमीटरला करावं. रोज ४० किलोमीटर गाडी चालत असेल तर हे बारा-तेरा दिवसांनी येतं. पावसाळ्यात, नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली किंवा धुवून घेतली तर त्याच दिवशी. नवीन चेन टाकली असेल तर ती सुरुवातीला लवकर ढिली होते, म्हणून पहिले काही दिवस लक्ष ठेवावं.

चेन संपली हे कसं कळतं?

प्रत्येक ढिली चेन ॲडजस्ट करून चालत नाही. लहान गाड्यांच्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत १२.७ मिलिमीटर अंतर असतं. म्हणजे चेन ताणून धरून २० कड्यांचं माप घेतलं तर नवीन चेनमध्ये ते २५४ मिलिमीटर भरतं. हेच माप २५९ च्या पुढे गेलं तर चेन दोन टक्के वाढली, ती बदलण्याच्या लायकीची झाली असं समजावं.

फूटपट्टीशिवायही ओळखता येतं. मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने मागे ओढावी. अर्ध्याहून जास्त दाता उघडा दिसला तर चेन गेली. चक्राचे दाते विळ्यासारखे एका बाजूला वाकलेले दिसले तर चक्रही गेलं. ॲडजस्टर शेवटच्या रेघेपर्यंत पोहोचला असेल तरी तेच.

अशा वेळी चेनच्या दोन कड्या काढून ती छोटी करून घेण्याचा जुगाड केला जातो. त्याने काही होत नाही. उरलेल्या कड्याही वाढलेल्याच असतात आणि त्या दात्यांवर नीट बसत नाहीत. झिजलेल्या चक्रावर नवीन चेन टाकली तर ती नवीन चेनही लवकर खराब होते. म्हणून चेन आणि दोन्ही चक्रं असा पूर्ण चेनसेट एकदम बदलणं शेवटी स्वस्त पडतं.

चेनच्या जोडाला माशाच्या आकाराची छोटी क्लिप असते, तीही अधूनमधून बघावी. चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला क्लिपचं बंद टोक असायला हवं. उलटी बसवली तर ती निघून पडण्याची भीती असते.

कव्हर पुन्हा बसवा

साफ करायला कव्हर काढलं आणि ‘नंतर लावू’ म्हणून कोपऱ्यात टाकलं, असं अनेक घरांत होतं. मागे एका बाजूला बसलेल्या बाईच्या साडीचा पदर किंवा मुलीची ओढणी चेनमध्ये-चाकात गेली तर माणूस जागेवर ओढला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं किमान अर्धं चाक झाकणारी जाळी दुचाकीला असावी लागते. भारा बांधायला अडचण होते म्हणून ही जाळी किंवा चेन कव्हर काढून ठेवू नये.

मिस्त्रीकडे कधी जावं?

एक्सलचा नट गंजून अडकला असेल, ॲडजस्टरचे आटे गेले असतील, चाक दोन्ही हातांनी धरून हलवल्यावर डुगडुगत असेल किंवा चेनच्या काही कड्या ऑइल देऊनही आखडलेल्याच राहत असतील, तर घरी जोर लावू नये. मिस्त्रीकडे दिल्यावरही ‘चेन टाईट करून द्या’ एवढंच सांगू नये. आपण गाडीवर किती ओझं नेतो ते सांगावं आणि काम झाल्यावर स्वतः बोट लावून ढील बघून घ्यावी. तपासायला दोन मिनिटं पुरतात. फूटपट्टी गाडीच्या डिकीत ठेवली तरी चालेल.